पालवीगौरीची आणि दमल्या बयजेची कहाणी

ऐका पालवीगौरी, तुमची कहाणी.

आटपाट नगर. नगराला वेस, वेशीबाहेर ओढा, ओढ्यापलीकडं डोंगर. त्या डोंगराच्या पायथ्याशी एक बुरूड राहायचा. त्याचं नाव सटवाजी. घरात त्याची म्हातारी आई होती, बायको बयजा होती, ठकू आणि जिऊ अशा दोन लेकी होत्या. सटवाजी टोपल्या विणी, सुपं विणी, धान्याच्या कणग्या विणी. सुगीत त्याच्या दारी माणूस मावत नसे. पण चैत्र आला म्हणजे लोकांच्या कणग्या रिकाम्या होत. भरायला धान्य नाही, तर नवी कणगी कोण घेणार? सटवाजी डोईवर सुपं-टोपल्या घेऊन नगरात जाई, दारोदार फिरे, नेलेलं तसंच परत आणी. मग ओसरीवर बसून राही.

मग घर कोण चालवी? बयजा चालवी.

चैत्रात शेत कोरडं असतं, पण रान कोरडं नसतं. उघडी झालेली झाडं पालवतात. कोरलाला कोवळी पानं येतात, कांचनाला कळ्या धरतात, कुडा फुलतो, मोह गळतो. बयजा उजाडता उठे. मग मोहाखाली जाई, फुलं वेची. मग कोरलाची पानं खुडी. मग चढण चढून कुड्याची फुलं काढी. पाटी डोईवर घेई आणि घरी येई. मग पानं निवडी, फुलं उकडी, कडू पाणी पिळून टाकी, मीठ-मिरची घालून परती. मूठभर नाचणीची आंबील करी. सासूला वाढी, नवऱ्याला वाढी, लेकींना वाढी. मग उभ्या उभ्या तव्याला चिकटलेलं पुसून खाई आणि घागर घेऊन ओढ्यावर जाई.

असं रोज. अशी वर्षं गेली. तिचे पाय दुखत, पाठ दुखे. कुणाला सांगत नसे. सांगायचं तर बसावं लागतं, आणि बसायला वेळ नसे.

एके वर्षी काय झालं? चैत्रातली शुद्ध तीज आली. बयजा रानात गेली होती. तिथं झऱ्याकाठी कुसुंबाचं झाड होतं, लालेलाल पालवीनं भरलेलं. त्याच्याखाली पाच सवाशिणी बसल्या होत्या. मध्ये मातीची गौर मांडली होती. तिला पानांचा चौरंग, फुलांची वेणी. बयजेनं विचारलं, "बायांनो, बायांनो, हा कशाचा वसा करता?"

"पालवीगौरीचा वसा करतो."

"त्यानं काय होतं?"

"दमलेल्या जिवाला विसावा मिळतो. रिकामं घर भरतं."

"मग मला सांगा."

"तुला कशाला सांगायचा? उतशील, मातशील, अर्ध्यावर टाकून देशील."

"उतायला मातायला मला सवड कुठली, बाई," बयजा म्हणाली. तिनं डोईवरची पाटीसुद्धा खाली ठेवली नव्हती.

त्या बायका एकमेकींकडं बघत राहिल्या. मग त्यांतली थोरली म्हणाली, "ऐक तर. आज गौर माहेरी येते, वैशाखातल्या तिजेला, आखितीला परत जाते. तोवर हा वसा करावा. रानात जावं, कोवळं खुडावं, शेंडा राखावा. हे एक. दारी कुणी आलं तर रांधल्यातला घास त्याला द्यावा. हे दुसरं. आणि जिनं खुडलं, जिनं रांधलं, तिनं आपलं पान वाढून घ्यावं, बसावं, गरम आहे तोवर जेवावं. पान संपेस्तोवर उठू नये. हे तिसरं."

"एवढंच?"

"एवढंच. तिसरं अवघड आहे हो."

बयजेला वाटलं, बसून जेवायचं त्यात अवघड ते काय? तिनं गौरीला नमस्कार केला, वसा घेतला, घरी आली.

पहिल्या दिवशी तिनं कोरलाची भाजी केली. सगळ्यांना वाढलं, आपलं पान वाढलं, बसली. पहिला घास उचलला तों आतून सासू म्हणाली, "बयजे, माझ्या पाठीत कळ आली गं, जरा चोळ." मग उठली. येऊन बघते तर भाजी निवली होती.

दुसऱ्या दिवशी कांचनाच्या कळ्या केल्या. सगळ्यांना वाढलं, आपलं पान वाढलं, बसली. घास तोंडाशी नेला तों सटवाजी म्हणाला, "अगं, पाणी दे." मग उठली. येऊन बघते तर कळ्यांवर माश्या बसल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी कुड्याची फुलं केली. सगळ्यांना वाढलं, आपलं पान वाढलं, बसली. तों धाकटी जिऊ रिकामं पान घेऊन पुढ्यात उभी राहिली. "आई, अजून." भांड्यात काही नव्हतं. मग बयजेनं आपलं पान तिच्यापुढं सरकवलं आणि उठली.

चौथ्या दिवशी तिनं आपलं पान वाढलंच नाही.

बाकीचा वसा तिनं नीट पाळला. झाड कधी ओरबाडलं नाही, शेंडे राखले. दारी गोसावी आला, त्याला दिलं. शेळ्या हिंडवणारी पोर आली, तिला दिलं. पण स्वतःचा घास उभ्यानंच गिळला, कधी तोही नाही.

असं करता करता वैशाख लागला. ऊन तापलं. कोरलाची पानं निबर झाली, मोह संपला. मग बयजेनं कुदळ घेतली. वाळलेल्या वेलाच्या मागानं गेली आणि कडूकंद खणून आणला. हा कंद तसाच खाल्ला तर घसा जाळतो, माणूस आडवा होतो. त्याच्या चकत्या राख घालून उकडाव्या लागतात, मग टोपलीत घालून दिवसभर आणि रातभर वाहत्या पाण्यात ठेवाव्या लागतात. बयजेनं पहाटे चकत्या उकडल्या, टोपलीत भरल्या, टोपली ओढ्यात धोंड्याखाली ठेवली. घरात कुणाला काही सांगितलं नाही. कुणी कधी विचारलं नव्हतं, तर सांगायची सवय कशी लागणार? मग आजच्यापुरती फुलं आणायला डोंगर चढली.

खालचे कुडे झडले होते. वरच्या अंगाला फुलं होती. तिनं एका झाडाची फुलं काढली, दुसऱ्याची काढली, तिसऱ्याला हात घातला, तों डोळ्यांपुढं अंधारी आली. पाटी एकीकडं गेली, फुलं सांडली, बयजा तिथंच पडली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. डोळे उघडले तों डोकं कुणाच्या तरी मांडीवर होतं. एक म्हातारी होती. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, हाताला नखांपर्यंत माती. तिनं पळसाच्या पानाच्या द्रोणातून पाणी पाजलं.

"लेकी, अशी का पडलीस?"

"पडले नाही आजी, पाय घसरला."

"इथं तर सपाट आहे."

बयजेनं सांडलेल्या फुलांकडं हात नेला.

"वसा घेतला होतास ना?"

"घेतला. शेंडे राखले. दारी आलेल्याला घास दिला."

"आणि तिसरं?"

"ते जमलं नाही. बसलं की कुणीतरी हाक मारतं."

"मारणारच. तू उठतेस ते त्यांना ठाऊक आहे." म्हातारीनं तिच्या केसांतली फुलं वेचली. "हे सगळं रान मी पालवते. एकेक डहाळी, एकेक डोळा. मग मी दमते. म्हणून महिनाभर माहेरी जाते. तिथं मला झोपाळ्यात बसवतात, हळदीकुंकू करतात, वाटली डाळ देतात. कुणी म्हणत नाही, गौरीबाई, ऊठ आणि पाणी आण. तो महिना बसले नाही तर पुढल्या वर्षी पानसुद्धा फुटायचं नाही. तुला माहेर नाही?"

"आई गेली. भाऊ नाही."

"मग सासरीच बस."

बयजा हातावर जोर देऊन उठू लागली. म्हातारीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ऊन उतरू दे," म्हणाली. तो हात जड नव्हता, पण बयजेला उठवेना. तिला झोप लागली. दिवसाउजेडी झोपल्याचं तिला आठवतही नव्हतं.

इकडं घरी काय झालं? दुपार कलली, बयजा आली नाही. चूल पेटली नाही. लेकी भुकेनं किरकिरू लागल्या. सासू म्हणाली, "कुठं बसली असेल गप्पा मारत." ती ओढ्यावर गेली. धोंड्याखाली टोपली दिसली. चांगल्या उकडलेल्या चकत्या. तिनं त्या घरी आणल्या, मीठ लावलं, लेकींना दिल्या. ठकूनं एक चावली आणि थुंकली. सासूनं दोन खाल्ल्या, तिचं तोंड भाजून निघालं. जिऊ लहान, भुकेली. तिनं पाणी पीत पीत पुष्कळ खाल्ल्या. मग पोट धरून बसली. मग ओकू लागली. मग ओकणंही थांबलं आणि मान टाकली.

ऊन उतरल्यावर बयजेला जाग आली, तों म्हातारी तिथं नव्हती. दिवे लागायच्या वेळेला ती अंगणात आली. सटवाजी जिऊला मांडीवर घेऊन बसला होता. बयजेनं टोपली बघितली आणि तिला सगळं कळलं. तिनं चिंच कोळली, पाणी पोरीच्या तोंडात घातलं. तिला पालथी केली, ओकू दिलं. पुन्हा पाजलं, पुन्हा ओकू दिलं. मग उराशी घेऊन बसली आणि मनात म्हणाली, गौरीबाई, मी बसले तेवढ्यात हे झालं. मला काय ते कर, पोरीला ठेव.

दिवा विझत आला, तेव्हा जिऊचं अंग ऊबदार झालं. तिनं डोळे उघडले, पाणी मागितलं.

मग बयजा सासूला म्हणाली, "आत्याबाई, मी रानात निजले. म्हणून झालं हे."

सासूचं तोंड सुजलं होतं, बोलताना दुखत होतं. तरी ती बोलली. "निजलीस म्हणून नाही. पडलीस म्हणून झालं. अंगावरचं खरचटलेलं मला दिसतं. आधी कधी बसली असतीस तर पडली नसतीस." मग म्हणाली, "आणि तुला उठवणारी मीच."

दुसऱ्या दिवशी उजाडलं. बयजा सवयीनं उठायला गेली, पण पाय उचलेनात. मग सासूनं पाटी घेतली, ठकूला बरोबर घेतलं. बयजेनं पडल्या पडल्या सांगितलं, "झऱ्याच्या सावलीत कोरल अजून कोवळा असेल. पान दोन पाळ्यांचं, आपट्यासारखं. निबर घेऊ नका. शेंडा ठेवा." त्या गेल्या. मग सटवाजीनं घागर उचलली आणि ओढ्यावर गेला. पाणवठ्यावर बायका बघत राहिल्या. त्यानं बघू दिलं.

सासू परत आली तेव्हा दुपार झाली होती. हाताला काटे, पायाला फोड, पाटीत तळाला चार मुठी पाला. ती उंबऱ्यावर बसली ती कितीतरी वेळ बसून राहिली.

"रोज एवढं चालतेस?"

"रोज."

"मला वाटायचं, मागच्या परसातनं आणतेस."

मग तिनं पाला निवडला, भाजी परतली. त्या दिवशी भाजीत मीठ जास्त झालं. सगळ्यांची पानं वाढली, बयजेचं पान वाढलं, तिला भिंतीला टेकून बसवलं. बयजेनं घास घेतला. गरम भाजी जिभेला लागली आणि तिला क्षणभर काही कळेना. गरम खाणं कसं असतं ते ती विसरली होती. तेवढ्यात जिऊ म्हणाली, "आई, अजून." बयजेचा गुडघा आपोआप वर आला. सासू म्हणाली, "तू बस. मी वाढते." गुडघा खाली गेला. तिनं दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, पान संपवलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं ते पुसायलासुद्धा ती उठली नाही.

आखितीपर्यंत असंच चाललं. गौर परत जायच्या दिवशी बयजेनं मातीची गौर केली, कुसुंबाच्या पालवीवर बसवली, हळदीकुंकू वाहिलं, वाटी कोरलाच्या भाजीची ठेवली. म्हणाली, "गौरीबाई, सावकाश जा."

पुढल्या वर्षी पाऊस थोडा झाला. नगरातल्या लोकांनी रान ओरबाडलं होतं, तिथं झाडं खुंटली. बयजेनं शेंडे राखले होते, तिथं पालवी दाट आली. नगरातल्या बायका विचारायला आल्या. बयजेनं ओसरीवर बसून त्यांना सांगितलं, काय खुडावं, काय ठेवावं, कुठला कंद किती वेळ पाण्यात सोडावा. त्यांनीही पुढं सुगी झाल्यावर तिची आठवण ठेवली. सुपात धान्य घालून आणलं, सटवाजीच्या कणग्या नेल्या. घरात दाणा आला. रान होतं तेवढंच लांब राहिलं, चढही तेवढाच राहिला. पण पाटी एका डोईवर राहिली नाही. आज सासू, उद्या ठकू, परवा सटवाजी. बयजा अजून दमत होती. पण दमली की बसत होती, आणि बसलेलीला कुणी उठवत नव्हतं.

जशी पालवीगौर बयजेला पावली, तशी तुम्हां आम्हां साऱ्याजणींना पावो. ऐकणारीला तिचं पान गरम मिळो, सांगणारीला तिची पाठ टेकायला मिळो. ही साठां उत्तरांची कहाणी पांचा उत्तरी सांगून झाली, बसल्या जागी सुफळ झाली, संपूर्ण झाली.