रायफलीचे सात पट्टे

"आणि तुमच्या या गंजक्या डबड्याला कुठलंही काडतूस कसं चालतं, बाबा?"

हैबतराव जवळजवळ ओरडलाच. पंचक्रोशीतला एक नंबरचा नेमबाज, पण आज बोडक्या डोक्यानं जमालशा फकिराच्या दारात उभा होता. चाफवडीची रीतच तशी. आपल्या गोळीनं जखमी झालेलं जनावर मोकळं हिंडत असेतो शिकाऱ्यानं पागोटं बांधायचं नाही. त्याचा हा चौथा दिवस.

फकिरी घेण्याआधी जमालशांनी उभी हयात संस्थानच्या शिकारखान्यात बंदुका दुरुस्त केल्या होत्या. हैबतरावाला नेम धरायला शिकवलं तेही त्यांनीच.

"बस," बाबा म्हणाले. "चहा घे."

"घशाखाली उतरत नाही, बाबा. काल त्या जखमी रानडुकरानं कुशाच्या पोरीची, साळूची पोटरी फाडली. वैद्य म्हणतो, पाय वाचेल. पण बायका झऱ्यावर जायच्या थांबल्यात... सगळं माझ्या एका गोळीपायी."

"का चुकली?"

"नेहमीची काडतुसं संपली. दुसऱ्या कारखान्याची भरली तर गोळी वीतभर उजवीकडं, डुक्कर नुसतं जखमी. तिसऱ्याची भरली तर डुकराच्या डोक्यावरून! आणि तुम्ही हाताला येईल ते भरता नि नारळ फोडता. तुमची बंदूक द्या मला. पाया पडतो."

बाबांनी आपली बंदूक मांडीवर घेतली. कफनीच्या काठाचा एक दोरा त्यांनी ओढून काढला आणि आपल्या बंदुकीची नळी नि खालचं लाकूड यांच्यामधल्या फटीत घालून सरकवला. दोरा पार मागपर्यंत गेला. नळी लाकडाला कुठं टेकतच नव्हती.

मग त्यांनी हैबतरावाची रायफल घेतली.

दोरा चार बोटं गेला आणि अडला. पहिल्याच पट्ट्यापाशी.

चांदीचे सात पट्टे होते ते. दर मोठ्या शिकारीमागं एक, नळी आणि लाकूड मिळून पेचानं करकचून आवळलेला. उरुसात हैबतराव ती रायफल खांद्यावर टाकून असा चालायचा, की नवरदेवानं बाजूला व्हावं. या डुकराचा आठवा पट्टा सोनाराकडं घडतही होता. बाजारात तुरी, म्हणतात ना, तसं!

बाबांनी पेचकस पुढं केला. "आवळलेली नळी दर काडतुसाला निराळी थरथरते. मोकळी सोड तिला."

"नाही बाबा... तेवढं नको."

"पट्टे पाहिजेत, का डुक्कर?"

हैबतरावानं सातही पट्ट्यांवरून अंगठा फिरवला. शेवटी त्यानं पेचकस घेतला. पहिला पट्टा सुटताना त्याचा जीव कळवळला, खोटं कशाला सांगा? सातवा सुटला तेव्हा मात्र त्यानं मोठा श्वास सोडला.

बांधावर पोतं टांगून त्यानं बाबांकडची तीन कारखान्यांची तीन काडतुसं झाडली. तीन भोकं, एका मुठीखाली झाकतील अशी. फक्त सगळी बोटभर डावीकडं. बाबांनी नळीच्या टोकाची, नेम धरायची माशी हलक्या हातानं ठोकून सरकवली.

पुन्हा तीन. ऐन मधोमध.

"आयला!" हैबतराव म्हणाला, आणि बाबांसमोर जीभ चावली.

दोन दिवसांनी सकाळी तो परत आला तो डोईला पागोटं बांधूनच. डुक्कर करवंदीच्या जाळीत एका गोळीत पडलं होतं. बायका झऱ्यावर गेल्या होत्या, घागरीच्या रांगेवरून भांडतही होत्या, आणि ते भांडण ऐकून हैबतरावाला इतकं बरं वाटलं की वाटेत उभा राहून तो एकटाच हसला. साळू भिंतीला धरून दोन पावलं चालली होती.

आज त्यानं दोन पेले चहा घेतला. मग रुमालाची गाठ सोडली. सात जुने आणि सोनाराकडून आणलेला एक कोरा, असे आठ पट्टे बाबांच्या पायाशी ठेवले.

"तुमच्या बंदुकीला घाला, बाबा."

बाबा ठसका लागेपर्यंत हसले. मग रुमाल पुन्हा गाठ मारून त्याच्या हातात दिला.

"साळूला पायातले तोडे घडव."

"आजच टाकतो सोनाराकडं."

तो उंबऱ्यापर्यंत पोचला, तोच मागून हाक आली.

"हैबत... सैल घडव म्हणावं."