खडपाबेटाचा नवा पत्ता

“पाच वाजता जुना पत्ता बंद! त्याआधी इथूनच बदला, बेटावर होडी जाणार नाही!” मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष जगन्नाथ नाखवा गरजले.

खडपाबेटावर सोसायटीचा लिनक्स सर्व्हर होता. समुद्रातल्या बावीस होड्या कुठे आहेत, ते तो बंदरातल्या ऑफिसच्या पडद्यावर ठिपक्यांनी दाखवायचा. नेटवर्क कंपनीने त्याचा आयपी पत्ता आजच बदलायला सांगितला होता. बेटावर माणूस नाही, आणि वारा असा की तिथं होडी लावायची म्हणजे खडकावर फोडायची.

शहरातून खास आणलेले इंजिनिअर सबनीस खुर्चीत रेलून हसले. सकाळपासून त्यांनी आपली तीन प्रमाणपत्रं वर्णून सांगितली होती. कीबोर्डला मात्र बोट लावलं नव्हतं.

“अशक्य! ज्या पत्त्यावरून आपण आत शिरतो, तोच बदलायचा. एक आकडा चुकला की आपण बाहेर! मग शोधा होड्या दुर्बिणीनं.”

“मी बदलते,” वायरलेसवर बसणारी हेमांगी तांडेल म्हणाली. तिचा बाप त्या बावीसांतल्याच एका होडीवर होता.

“तू? बाई, इथं नुसतं ‘ओव्हर’ म्हणून भागत नाही!”

“म्हणून का सकाळपासून नुसती सुरुवातच चाललीय?”

सबनीस लाल झाले. नाखवा खेकसले, “बदल! पण सर्व्हर गेला, तर उद्यापासून मासळीच्या टोपल्या उचलशील!”

“उचलीन की! त्यात निदान काम तरी होतं.”

तिनं आधी गुपचूप एक ओळ टाइप केली. मग म्हणाली, “सांगा साहेब, नवा पत्ता.”

सबनीसांनी कागदावरून ऐटीत वाचला. तिनं तो भरला. पडदा गोठला आणि बावीसही ठिपके गायब!

“गेला!” सबनीस जवळजवळ आनंदानं ओरडले.

“अगं, होड्या! माझी माणसं!” नाखव्यांचा आवाज चिरकला.

हेमांगीच्या कपाळावर घाम आला होता. “दहा मिनिटं थांबा, नाखवा.”

“दहा मिनिटांत काय, सर्व्हर पोहत येणार?” सबनीस खिदळले.

नऊ मिनिटं गेली. दहावं भरलं आणि पडद्यावर एकदम बावीस ठिपके झळकले! सबनीसांचं हसू जागच्या जागी वाळलं.

हेमांगीनं त्यांच्या हातातला कागद ओढला. “हा सहा आहे, साहेब. तुम्ही आठ वाचलात.”

तिनं पुन्हा तीच ओळ टाकली, मग बरोबर पत्ता भरला. या खेपेला नव्या पत्त्यावरून आत शिरली, काहीतरी खोडलं आणि हात झटकले. ठिपके जागच्या जागी!

“पोरी, केलंस काय?”

“पत्ता बदलण्याआधी सर्व्हरला हुकूम दिला. दहा मिनिटांत मी आत येऊन ‘नको’ म्हटलं नाही, तर सगळं पूर्ववत कर. पहिल्यांदा येता आलं नाही, त्यानं पूर्ववत केलं. आत्ता ‘नको’ म्हणून आले.”

“एवढं सोपं? मग या साहेबांना कसं नाही सुचलं?”

“कसं सुचेल, नाखवा? ही सोय आपण चुकू शकतो असं मानणाऱ्यांसाठी असते!”

नाखवा टेबलावर थापा मारत, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. “आजपासून सर्व्हर हेमांगीच्या ताब्यात, पगार दुप्पट! आणि साहेब, आलाच आहात तर उठा, तिला खुर्ची द्या!”