पानशोभा आणि पर्णशोभा

एका जंगलात, ओढ्याकाठच्या उंबरावर, एक शिंपीण राहत असे. शिंपीण म्हणजे, मुलांनो, पाने शिवून घरटे करणारी ती एवढीशी पक्षीण. ही मात्र साऱ्या जंगलासाठी पानांच्या बंड्या आणि कुंच्या शिवी. सावरीचा कापूस, कोळ्याचा धागा आणि स्वतःची चोच, एवढेच तिचे भांडवल. दुकानाचे 'पानशोभा' हे नाव तिच्या आईने ठेवलेले. आईची एक रीतही तिने मोडली नव्हती. या नावाचा कपडा उसवला, तर तो केव्हाही फुकट शिवून द्यायचा. साळिंदराची बंडी तर त्याच्याच काट्यांनी आठवड्याला फाटे, पण तिने कधी नाक मुरडले नाही.

पुढे वडाखाली एका मोराने मोठे दुकान थाटले आणि नाव दिले 'पर्णशोभा'. माकडांकडून शिवून घेतलेला त्याचा माल दिसायला झकास होता. पण एखादे गिऱ्हाईक चुकून उंबराकडे वळे, आणि ते मोराच्या डोळ्यांत खुपे. जंगलात न्यायनिवाडा करणाऱ्या हत्तीकडे त्याने फिर्याद नेली. "नावे सारखी, म्हणून गिऱ्हाईक फसते," तो म्हणाला. "या नावाचे जे जे कोणाच्या अंगावर दिसेल, ते सगळे माझेच मानावे."

"हत्तीदादा, हे नाव माझ्या आईचे आहे," शिंपीण म्हणाली. "वडाखाली दुकान नव्हते तेव्हापासूनचे." ससा आणि साळिंदर तिच्या बाजूने साक्षीलाही आले. तेवढ्यात मोराने पिसारा फुलवला, आणि हत्ती पाहतच राहिला. निवाडा मोराच्या बाजूने झाला. आईच्या हातची पाटी उतरवताना शिंपिणीला रडू कोसळले, आणि का कोसळू नये?

थंडी पडली तशी साळिंदर फाटकी बंडी घेऊन वडाखाली आला. "या नावाचा कपडा फुकट शिवून मिळतो," तो म्हणाला. मोर म्हणाला, "हा मी विकलेला नाही." हत्ती जवळच उभा होता. "अंगावर दिसेल ते सगळे तुझे, असे तूच म्हणालास ना? मग शीव." बघता बघता रांग ओढ्यापर्यंत गेली. बोटांत साळिंदराचे काटे घुसले तशी माकडे झाडावर पळाली. मोर स्वतः शिवायला बसला, तर बंडीबरोबर आपलेच पीस शिवून बसला. रांगेत सशाचे पिल्लू फाटक्या कुंचीत कुडकुडत होते. ते पाहून मात्र मोराला राहवले नाही. मान खाली घालून तो उंबराखाली गेला.

"बाई, चुकलो. तुमचे नाव परत घ्या."

"नावाचे नंतर बघू," शिंपीण म्हणाली. "आधी ते पिल्लू इकडे आणा."

संध्याकाळपर्यंत तिने सगळी रांग शिवून काढली. हत्तीने ओशाळून निवाडा फिरवला, मोराने दुकानाला दुसरे नाव दिले, आणि त्याचेही बरे चालले. शिंपिणीने आईची पाटी पुन्हा उंबरावर टांगली, तेव्हा साळिंदर नव्याने फाटलेली बंडी घेऊन खाली हजर होता.

तात्पर्य : नाव हिसकावून घेता येते, पण त्या नावाने दिलेला शब्द जो पाळतो, नाव त्याचेच असते.