अक्षरं गिळणारी चौकट

एक आटपाट पडदा होता, संगणकाचा. त्यावर लिहायची एक चौकट राहायची. पडदा काळाभोर, तर चौकटीत उमटणारी अक्षरं पांढरीशुभ्र. एकदा पडद्याची मालकीण शलाका हिला हुक्की आली. सणाला घर रंगवावं तसा तिने चौकटीसकट अख्खा पडदा पांढरा करून टाकला.

झालं! चौकटीत काही टाइप केलं, तरी दिसेचना. "ही बया अक्षरं गिळते," शेजारचं बटण बोंबललं. शलाकाही वैतागली. "काढूनच टाकते हिला!" आपण खरंच गिळतो की काय, असं चौकटीलाही वाटू लागलं.

तेवढ्यात आत लुकलुकणारा कर्सर ओरडला, "थांबा बाई! अक्षरं आलीच नसती, तर मी पुढे सरकलो असतो का?"

शलाकाने पाहिलं. खरंच की! कर्सर पार उजव्या कडेला जाऊन उभा होता. तिने कपाळावर हात मारला आणि अक्षरांचा रंग काळा केला. तिने टाइप केलेलं सगळं एकदम उमटलं: "दिसतंय का? दिस की! मेले, गिळतेस काय सगळं?"

चौकटीला हायसं वाटलं. "बघ," ती बटणाला म्हणाली, "एकही अक्षर गिळलं नाही. बाईंच्या शिव्यासुद्धा जपून ठेवल्यात."