जुन्या दारावरच्या हाका

यंत्रांच्या हिशेबात एक युग लोटलं असेल, तेव्हाची ही गोष्ट. सातपुड्यातल्या एका दवाखान्यात एक प्रिंटर होता. दूर शहरातला सर्व्हर त्याला हाक मारी आणि तो कागद छापून देई. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

एका सकाळी वीज जाऊन परत आली आणि हाका येणंच बंद झालं. "मोठ्यांची मैत्री ही अशीच," प्रिंटर पुटपुटला. तिकडे सर्व्हर म्हणत होता, "एवढ्या हाका मारतोय, पण हा रुसून बसलाय!"

तेवढ्यात दवाखान्यात आलेल्या म्हाताऱ्या जात्र्याबाबांच्या छातीत कळ आली. त्यांच्या हृदयाचा आलेख काढला, तो शहरातल्या सर्व्हरपर्यंत पोहोचला, पण छापून मिळेना. तो मोठ्या दवाखान्यात दाखवायचा होता आणि गाडी दारात उभी होती. डॉक्टर वळवीबाईंनी शहरात सर्व्हर सांभाळणाऱ्या मेधाला फोन लावला.

"वीज गेली होती का?" मेधाने विचारलं.

"हो, आत्ताच."

"मग वीज आल्यावर प्रिंटरला नेटवर्कवर नवा पत्ता मिळालाय, मॅडम. सर्व्हर अजून जुन्याच दारावर उभा आहे. थांबा, त्याला नवा पत्ता देते."

क्षणात प्रिंटर थरारला. "अरे, आहेस ना तू?" लांबून आवाज आला.

"आहे की! कधीपासून हाका मारतोयस?"

"वीज आल्यापासून. थांबलोच नाही."

प्रिंटरने सरसर कागद छापला. वळवीबाई तो घेऊन गाडीकडे धावल्या.

बाबांनी त्या रेषांवरून हळूच बोट फिरवलं. "हे माझं काळीज?"

"हो बाबा," वळवीबाई म्हणाल्या. "डोंगरापलीकडे जाऊन परत आलंय."