कोपऱ्यातली हिरवी ढाल

मोफत मराठी शब्दकोशाच्या ॲपमध्ये जाहिराती घ्यायच्या का, यावर ऑनलाइन गटात चांगलीच जुंपली होती. संध्याकाळी मतदान होतं. जाहिरात कंपनीचे संचालक भडकमकर सगळ्यांना सुनावत होते, "फुकटची सॉफ्टवेअरं कोण वापरतं? जाहिराती लोकांना आवडतात." पुरावा म्हणून त्यांनी आपल्या स्क्रीनवरच्या चढत्या आलेखाचा स्क्रीनशॉट टाकला.

ॲप सांभाळणाऱ्या मृण्मयीने तो मोठा करून पाहिला आणि शांतपणे लिहिलं, "आलेख छान आहे, साहेब. वरच्या कोपऱ्यातली हिरवी ढाल ही जाहिराती अडवणाऱ्या सॉफ्टवेअरची खूण. तेही आम्हीच बनवतो, फुकट. नव्या आवृत्तीत ढाल निळी केली आहे, तेवढी घेऊन टाका."

मतदान एकतर्फी झालं. भडकमकरांनी स्क्रीनशॉट लगेच उडवला. ढाल मात्र ठेवली.