गाळायला सांगितलेलं वाक्य

ही गोष्ट अक्षर अन् अक्षर खरी आहे, शपथ घेतो. आता, कुणी पाहिलेली नाही आणि थोडा मीठमसाला मी घातलाय, तेवढं सोडा.

फार जुन्या काळी यहुदी लोकांच्या मुलखात मथिया नावाचा एक पाठक राहायचा. तिथल्या पाठशाळेत रब्बी, म्हणजे गुरुजी, जे बोलत ते लिहायचं नाही, तोंडपाठ करायचं, असा रिवाज. वाद झाला तर जिंकलेलं मत पाठ करायचं आणि हरलेलंही. तेही कोण काय म्हणालं, ते नावानिशी. हे सगळं मथियाच्या डोक्यात.

पुढे रोमच्या बादशहाविरुद्ध बंड झालं आणि पार चिरडलं गेलं. गावंच्या गावं ओस पडली. मथियाचे दोन्ही मुलगे बंडवाल्यांच्या किल्ल्यात लढताना मेले. उरलेसुरले लोक पाठशाळेत जमले.

मोठे रब्बी म्हणाले, "बंडाच्या म्होरक्याबद्दल एकच मत पाठ करा: तो लबाड होता. दुसरं गाळून टाका."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मथिया मात्र उठला आणि नेहमीच्या चालीवर म्हणू लागला, "एक जण म्हणाले, हाच आपला राजा, याच्या मागे जा..."

"मथिया, खाली बस!"

"कोण म्हणालं, ते राहिलंय, रब्बी."

"नको सांगूस."

"आपण म्हणालात."

तरुण शिष्यांनी हे कधी ऐकलंच नव्हतं.

"तुझी पोरं त्याच्यापायी मेली," रब्बी ओरडले, "आणि तू त्याला राजा म्हणतोस?"

"मी नाही म्हणत. पण पोरं गेली ती आपल्या शब्दावर. ते वाक्य गाळलंत, तर उद्या लोक म्हणतील, दोघं स्वतःच्या मस्तीत मेली."

"मग लबाड कोण म्हणालं होतं?" एका शिष्याने चाचरत विचारलं.

"रब्बी झव्दाई." मथिया म्हणाला. "आम्ही सगळ्यांनी त्यांना धक्के मारून हाकललं. मागून कडी मी घातली."

रब्बींनी पायातले जोडे काढले आणि सुतकात बसतात तसे ते जमिनीवर बसले. मग म्हणाले, "दोन्ही म्हण. आधी माझं. नावासकट."

तात्पर्य काढायचंच तर हे: आपली चूक पुसून टाकली, की तिच्यापायी मेलेल्यांच्या माथी ती बसते.

आता कबूल करतो. बंड खरं, हरणं खरं, दोन्ही मतं शेजारीशेजारी जपली गेली, तेही खरं. मथिया, झव्दाई आणि ती पोरं मी रचलेली. आणि रब्बी जमिनीवर बसले, ते तर पूर्णच पदरचं. कुणीतरी बसायला हवं होतं, म्हणून बसवलं.